ईएसजी फंडात पवनचक्की कुठे असते?

चाफा_दादर (धागाकर्ती) | शनिवार, सकाळी ११:१०

मंडळी, या विभागात एरवी मी नुसती वाचते. आज प्रश्न घेऊन आलेय, सांभाळून घ्या.

आईची एक ठेव या महिन्यात मोकळी झाली. तिचा हिशेब सरळ आहे. पेन्शनमध्ये भागतं, मग हे पैसे पडून राहण्यापेक्षा सौर, पवन असल्या कामाला लागू देत. व्याज थोडं कमी आलं तरी चालेल म्हणते. (हे ऐकून बाबांनी पेपर खाली ठेवला.)

आमच्या म्युच्युअल फंडाच्या एजंटाने एका ईएसजी फंडाचं (एन्व्हायर्न्मेंट, सोशल, गव्हर्नन्स, म्हणजे पर्यावरण, समाज आणि कारभार बघून कंपन्या निवडतो तो) माहितीपत्रक पाठवलं. पहिल्या पानावर हिरवी टेकडी आणि पवनचक्क्या. आत पहिल्या दहा कंपन्या बघितल्या तर बँका, आयटी, एक मोटारींची, एक मोबाइलची, एक रंगाची. वीज करणारी एकही नाही. एजंट म्हणाला, "मॅडम, ग्रीन म्हणजे हेच असतं."

मला एवढंच समजून घ्यायचंय. आईचे दोन लाख अशा फंडात गेले तर त्यातला एक रुपया तरी कुठल्या सोलर पॅनेलपर्यंत पोचतो का? पोचत नसेल तर मग कुठल्या वाटेने पोचतो? "कुठे गुंतवू" असं विचारत नाहीये, तो धागा दर आठवड्याला निघतोच.

कट्टेकरी | ११:२४

पवनचक्की मुखपृष्ठावर असते हो ताई, आत शोधायची नसते. खुर्ची टाकून बसलोय.

बाँडबाबा | दुपारी १२:४०

थेट एक रुपयाही पोचत नाही.

तुम्ही फंडात पैसे टाकता, फंड बाजारातून बँकेचा शेअर घेतो. तो शेअर आधी कोणाकडे तरी होता, पैसे त्याला मिळाले. बँकेकडेही काही आलं नाही, मग पवनचक्कीचं नावच सोडा. दलाल स्ट्रीटची रोजची उलाढाल बहुतेक अशीच असते, जुन्या कागदांची हातबदली.

आता बँका आणि आयटीच का? गुण देण्याच्या पद्धतीमुळे. सॉफ्टवेअर कंपनीला धुराडं नसतं. शंभर रुपयांच्या विक्रीमागे धूर किती, असं मोजलं की ती आपोआप पहिल्या बाकावर. विजेची कंपनी कितीही सोलर लावो, जुनी कोळशाची केंद्रं अंगावर असतील तर ती मागे पडते. शिवाय सेबीचा, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाचा, २०२३ चा नियम आहे की ईएसजी योजनेतली किमान ६५ टक्के रक्कम अशा कंपन्यांत हवी, ज्यांनी बीआरएसआर कोअरची (पर्यावरण-समाजाबद्दल कंपनीने जाहीर करायची मुख्य आकडेवारी) माहिती त्रयस्थाकडून तपासून घेतली आहे. ही तपासणी पहिल्यांदा लागू झाली ती बाजारातल्या सर्वांत मोठ्या १५० कंपन्यांना. म्हणजे फंड मॅनेजर मोठ्या आणि कागदपत्रं चोख असलेल्या कंपन्यांकडेच वळणार. नियम वाईट नाही. हिरवा रंग फासून विकणाऱ्यांना आळा बसावा म्हणूनच तो आहे. पण माळरानावर पॅनेल लावणारी, बाजारात नोंद नसलेली कंपनी त्याच्या कक्षेत येतच नाही.

त्याच परिपत्रकात ईएसजी योजनांचे सहा प्रकार केलेत. वाईट धंदे वगळणारे, त्यातल्या त्यात चांगले निवडणारे, प्रत्यक्ष परिणाम साधू बघणारे, बदलाच्या वाटेवरच्या कंपन्या घेणारे वगैरे. तुमच्या माहितीपत्रकावर यातला प्रकार लिहिलेला असणार. तो वाचा, चित्र नको.

उमेद | दुपारी १:१५

बाँडबाबा, अर्धं मान्य. मी याच क्षेत्रात काम करते, त्यामुळे थोडी बाजू घेणारच.

शेअरला बाजारात मागणी असेल तरच कंपनीला पुढच्या वेळी नवे शेअर चांगल्या भावात काढता येतात. नोव्हेंबर २०२४ चा एनटीपीसी ग्रीनचा (सरकारी वीज कंपनीची अक्षय ऊर्जेची शाखा) इश्यू, म्हणजे शेअरविक्री, १०,००० कोटींचा होता आणि सगळा नवा पैसा होता. त्यातले ७,५०० कोटी उपकंपनीची कर्जं फेडायला ठेवले होते. म्हणजे तो पैसा प्रकल्पांच्या डोक्यावरचा बोजा कमी करायला गेला. त्याआधी नोव्हेंबर २०२३ मध्ये इरेडाचा (अक्षय ऊर्जेला कर्ज देणारी सरकारी कंपनी) २,१५० कोटींचा इश्यू आला. त्यात साधारण १,२९० कोटी नवे होते, बाकी सरकारने आपला हिस्सा विकला. इश्यूचं पत्रक वाचताना "ताजे शेअर किती आणि विक्रीसाठी किती" हा तक्ता सगळ्यात आधी बघावा. चाफाताई, तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर त्या तक्त्यात असतं.

दुसरं म्हणजे मोठा गुंतवणूकदार नुसती खरेदी-विक्री करत नाही, जाबही विचारतो. २७ नोव्हेंबर २०२० ची सिडनीची वनडे आठवतेय का कोणाला?

खडूस_पेन्शनर | १:३२

आठवतेय. फिंच आणि स्मिथने शतकं ठोकली आणि आपण हरलो. मॅच सुरू असताना दोन बाबे फलक घेऊन मैदानात घुसले होते, स्टेट बँकेने अदानीच्या ऑस्ट्रेलियातल्या कोळसा खाणीला शंभर कोटी डॉलरचं कर्ज देऊ नये म्हणून. बरं मग? त्या खाणीतून कोळसा निघाला की नाही ते सांगा.

उमेद | १:५८

निघाला काका. २०२१ च्या शेवटी त्या कारमायकेल खाणीचा पहिला कोळसा निर्यातीसाठी बंदरात पोचला. पण मधली गोष्ट ऐका.

त्याच सुमाराला आमुंडी या फ्रेंच गुंतवणूक कंपनीने स्टेट बँकेला कळवलं की हे कर्ज दिलंत तर तुमचे हरित रोखे (पर्यावरणाच्या कामासाठी म्हणून बाजारातून उचललेलं कर्ज) आम्ही विकून टाकू. हीच आमुंडी एसबीआय म्युच्युअल फंडात मोठी भागीदार आहे, म्हणजे घरातलाच माणूस दारात उभा राहून विचारत होता. एका हाताने हरित रोखे विकायचे आणि दुसऱ्या हाताने खाणीला कर्ज द्यायचं, हे चालणार नाही असं नरिमन पॉइंटच्या मुख्यालयाला कोणीतरी तोंडावर सांगितलं. माझ्या मते ती मोठी गोष्ट होती.

त्याच्याही आधी अनेक परदेशी बँकांनी हात वर केले होते, तेव्हा २०१८ मध्ये अदानी समूहाने जाहीर केलं की खाण स्वतःच्या पैशाने काढू. मूळ बेत वर्षाला सहा कोटी टनांचा होता, तो सुरुवातीला एक कोटीच्या आसपास आणला. खाण थांबली नाही, पण आकसली आणि रखडली. नैतिक गुंतवणुकीच्या हातात असतं ते एवढंच, वाईट कामाचा पैसा महाग करणं.

खडूस_पेन्शनर | २:०५

म्हणजे श्रीमंताला फरक पडला नाही. मधल्यामध्ये गरीब देशांनी कोळसा जाळायचा नाही असा उपदेश मात्र आम्हाला.

बाँडबाबा | २:३०

खडूसकाका, तुमच्या मुद्द्याला जोड देतो. २०१६ मध्ये नॉर्वेच्या सरकारी पेन्शन निधीने कोळशावर ३० टक्क्यांहून जास्त मदार असलेल्या कंपन्या वगळल्या. त्या यादीत आपली टाटा पॉवरही होती. आता बघा, कोळशावरून सौरऊर्जेकडे वळायला सगळ्यात जास्त भांडवल कोणाला लागतं? जिच्याकडे आज कोळसा आहे तिलाच. तिला यादीतून काढलंत की नॉर्वेच्या खात्यावरचा डाग गेला, ट्रॉम्बेचं धुराडं तिथेच. (नॉर्वेचा निधी मुळात उभा राहिला तेलाच्या पैशावर, ते वेगळंच.)

म्हणून "वगळणारे" फंड आणि "बदलाला पैसा देणारे" फंड यांत मला दुसरे जास्त कामाचे वाटतात. पण ते विकायला कठीण. माहितीपत्रकावर धुराडं कोण छापणार?

ट्रॉम्बे_ट्रान्सफॉर्मर | सायंकाळी ५:४५

शेअरवरून उतरा आता. वीजक्षेत्रात हयात गेली माझी, तिथला हिशेब सांगतो.

कोळशाच्या केंद्राला दर महिन्याला कोळसा लागतो. युनिटच्या दरातला मोठा हिस्सा त्या कोळशाचा. सौर प्रकल्पाला इंधन नाही. सगळा खर्च पहिल्या दिवशी, पुढे पंचवीस वर्षं पुसणं आणि इन्व्हर्टर बदलणं. म्हणजे सौर विजेची किंमत ही खरं तर त्या पहिल्या दिवसाच्या पैशाची किंमत. सूर्य फुकट आहे, सावकार नाही.

आकडे ढोबळ धरतो. एक मेगावॅटला चार कोटी. त्यात तीन कोटी कर्ज, एक कोटी पदरचं. चांगल्या उन्हाच्या जागी वर्षाला बावीस लाख युनिट. व्याज एक टक्क्याने वाढलं तर वर्षाला तीन लाख जादा, म्हणजे युनिटमागे साधारण चौदा पैसे. प्रकल्प मिळतो तो लिलावात सगळ्यात कमी दर भरणाऱ्याला, तिथे अडीच रुपयाच्या दरात चौदा पैसे म्हणजे जिंकणं आणि हरणं यातला फरक.

राष्ट्रीय सौर अभियानाच्या पहिल्या फेरीत, २०१०-११ च्या सुमाराला, सौर विजेचा सरासरी दर बारा रुपयांवर होता. २०१७ मध्ये राजस्थानात भडलाला २ रुपये ४४ पैसे आणि डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात १ रुपया ९९ पैसे. पॅनेलं स्वस्त झाली हे मुख्य कारण, वाद नाही. पण असले दर भरणाऱ्यांच्या मागे बहुधा स्वस्त परदेशी पैसा असतो, हेही खरं.

चाफाताई, तुमच्या आईंचा रुपया पॅनेलपर्यंत पोचायचा असेल तर तो व्याजाच्या वाटेने पोचतो. शेअरच्या वाटेने क्वचित.

बाँडबाबा | ६:१०

काका, सहमत. एकच दुरुस्ती, कर्ज फिटत जातं तसं व्याजही घटतं, त्यामुळे कर्जाच्या पूर्ण मुदतीची सरासरी काढली तर चौदाचे सात-आठ पैसे होतील. मुद्दा तोच राहतो.

ट्रॉम्बे_ट्रान्सफॉर्मर | ६:१४

मान्य. पहिली वर्षं जड असतात म्हणून पहिल्या वर्षाचं धरलं.

चाफा_दादर | रात्री ८:५०

हे पहिल्यांदाच नीट कळलं. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग मला व्याज कमी द्या आणि त्यांच्याकडून कमी घ्या, एवढं सोपं आहे की." असं खरंच होतं का कुठे?

बाँडबाबा | ९:२५

होतं, आणि त्याचा भावही ठरलेला आहे. निराश होऊ नका.

भारत सरकारने पहिले हरित रोखे काढले २५ जानेवारी २०२३ ला, रिझर्व्ह बँकेमार्फत, ८,००० कोटींचे. पाच वर्षांचे ७.१० टक्क्यांनी गेले आणि दहा वर्षांचे ७.२९ टक्क्यांनी. तेवढ्याच मुदतीच्या साध्या सरकारी रोख्यांपेक्षा हे पाच-सहा बेसिस पॉइंट कमी होतं, म्हणजे टक्क्याचा विसावा भाग. ८,००० कोटींवर सरकारचे वर्षाला चार कोटी वाचले. विमा कंपन्या, बँका, पेन्शन फंड मिळून नैतिकतेपोटी एवढं सोडायला तयार झाले.

पुढे तेही आटलं. ३१ मे २०२४ ला ६,००० कोटींचा लिलाव होता, त्यात एकही बोली स्वीकारली गेली नाही. सरकारला सवलत हवी होती आणि बाजार ती द्यायला तयार नव्हता. माझ्यासारखे दुसऱ्यांचा पैसा रोख्यांत लावणारे लोक म्हणतात, "हिरवा असो की पिवळा, उद्या विकायला गेलो तर गिऱ्हाईक आहे का?" या रोख्यांची उलाढाल कमी, म्हणून विकणं अवघड. मग कमी व्याज का घ्यायचं? मी नैतिकतेच्या विरुद्ध नाही हो, पण माझ्याकडे आहे तोही कोणाच्या तरी आईचाच पैसा आहे.

अवांतर: त्या रोख्यांच्या पैशातून २५ मेगावॅटपेक्षा मोठे जलविद्युत प्रकल्प करता येत नाहीत, आराखड्यातच तसं लिहिलंय. अणुऊर्जाही नाही. मेट्रो मात्र बसते.

उमेद | ९:५०

पण टक्क्याच्या विसाव्या भागावर सगळं मोजू नका. सरकारला तसंही कमीत कमी व्याजातच पैसा मिळतो, तिथे सवलतीला जागाच किती? खरा फरक पडतो तो ज्याला कर्ज मिळणंच कठीण असतं त्याला. साक्रीचा सव्वाशे मेगावॅटचा सौर प्रकल्प महानिर्मितीने उभारला तो जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेच्या कर्जावर, २०१३ मध्ये चालू झाला. तेव्हा आपल्याकडे एवढ्या मोठ्या सौर प्रकल्पाचा अनुभव फार थोड्यांना होता, आणि अशा वेळी इथल्या बँका साशंक असतात. पहिली काही उदाहरणं उभी राहिली की धास्ती जाते आणि मग साधी व्यापारी बँकही कर्ज देते. नैतिक पैशाचं मोल या पहिल्या पावलात आहे.

ट्रॉम्बे_ट्रान्सफॉर्मर | १०:२०

धास्तीवरून आठवलं. आंध्रात जुलै २०१९ मध्ये नवीन सरकारने आल्या आल्या जुने वीजखरेदी करार पुन्हा उघडायचं ठरवलं, दर कमी करा म्हणून. उच्च न्यायालयाने करार पाळायला सांगितलं, पण मार्च २०२२ मध्ये. मधली अडीच-पावणेतीन वर्षं कंपन्या अर्धेमुर्धे पैसे घेऊन बसल्या. कॅनडातला पेन्शन फंड हे बघतो तेव्हा तो फक्त आंध्राला व्याज वाढवत नाही, सगळ्या भारताला वाढवतो. दहा फंडांनी नैतिकतेपोटी सोडलेली सवलत एका मुख्यमंत्र्याने एका सहीत खाल्ली असेल.

आजही लिलाव झालेत पण वीज घ्यायला वितरण कंपनी पुढे येत नाही, अशी चाळीस गीगावॅटच्या आसपासची क्षमता अडकल्याच्या बातम्या २०२५ मध्ये आल्याच होत्या. पैसा तयार, जमीन तयार, विजेला गिऱ्हाईक नाही. तिथे तुमचं ईएसजी काय करणार?

कट्टेकरी | १०:३१

धागा आता माहीमच्या खाडीपर्यंत आलाय, पुढे समुद्र. मुंबईतल्या माणसाच्या पलगापर्यंत आणा कोणीतरी. प्लग. टायपो मिष्टेक.

उमेद | रविवार, सकाळी ९:३०

घ्या, पलगापर्यंत.

जुलै २०२१ मध्ये अदानी इलेक्ट्रिसिटी मुंबईने परदेशात ३० कोटी डॉलरचे रोखे विकले, दहा वर्षांचे, ३.८६७ टक्क्यांनी. हे नुसते "हरित" नव्हते. त्यात अट होती की २०२७ पर्यंत उपनगरांना दिली जाणारी ६० टक्के वीज अक्षय स्रोतांची असेल. जमलं नाही तर व्याज वाढणार. त्या वेळी हा वाटा तीन टक्क्यांच्या आसपास होता. पुढे जैसलमेरच्या ७०० मेगावॅटच्या सौर-पवन प्रकल्पातून ३ रुपये २४ पैसे दराने वीज यायला लागली आणि २०२३ पर्यंत वाटा ३० टक्क्यांवर गेला.

नैतिक गुंतवणूक प्रत्यक्षात कशी दिसते, याचं मला माहीत असलेलं सगळ्यात ठोस उदाहरण हे. सिंगापूर-लंडनच्या माणसाने एक टक्केवारी लिहून घेतली, आणि अंधेरीच्या मिक्सरमध्ये जैसलमेरचा वारा आला.

बाँडबाबा | ९:५५

उदाहरण चांगलं, पण वीज नियामक आयोगाने अक्षय विजेचं किमान प्रमाण बंधनकारक केलेलंच आहे, आणि ३ रुपये २४ पैशांची वीज कोणीही आनंदाने घेईल. रोख्यातल्या अटीमुळे झालं की तसंही झालंच असतं, हे वेगळं काढता येत नाही. अशी अट कंपनी तेव्हाच घालून घेते जेव्हा ती गाठायची वाट दिसत असते.

तरीही अट लेखी असली की पुढच्या व्यवस्थापनाला मागे फिरता येत नाही, हे मी मान्य करतो.

माळावरचा_मोरू | ११:०५

इतका वेळ वाचत होतो. आता दोन गोष्टी बोलतोच.

जैसलमेर म्हणजे माळढोकाचं शेवटचं घर. सोलापूरकडच्या लोकांना हा पक्षी सांगायला नको, नान्नजचं अभयारण्य त्याच्यासाठीच केलं होतं. विजेच्या तारांना आपटून मरतो तो, बाजूला बघणारे डोळे, समोरचं दिसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये सांगितलं की त्या पट्ट्यात तारा जमिनीखालून न्या. कंपन्या आणि सरकार म्हणाले, अशाने सौरऊर्जाच बंद पडेल. मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने तो सरसकट आदेश मागे घेऊन तज्ज्ञ समिती नेमली. आता मला सांगा, यात नैतिक गुंतवणूकदार कोणत्या बाजूला? कार्बनच्या खात्यात दोन्हीकडे पवनचक्की आहे, आणि पक्ष्याला रकाना नाही.

दुसरी गोष्ट घरची. आमचं मूळ मुळशी खोऱ्यातलं. मुंबईला "स्वच्छ वीज" मिळाली ती आत्ता नाही. खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झालं, आणि त्या कंपनीचं भांडवल उभं केलं ते बरंचसं इथल्याच संस्थानिकांनी आणि धनिकांनी. स्वदेशी उद्योग आणि गिरण्यांच्या धुरापासून सुटका अशी दोन्ही पुण्यं एका कागदात. आजच्या भाषेत सांगायचं तर पक्की ईएसजी. मग आलं मुळशीचं धरण. रामनवमीला, १६ एप्रिल १९२१ ला, मावळे कामावर जाऊन बसले. सेनापती बापट, "जान किंवा जमीन", मारहाण, तुरुंग. १९२४ पर्यंत झगडले, हरले. भिऱ्याच्या वीजकेंद्रातून वीज मुंबईला गेली. आमच्या पणजोबांचं गाव पाण्याखाली आहे.

मी वीज वापरतो, घाटकोपरला राहतो, त्यामुळे सोवळेपणा सांगत नाही. पण "ई" मोजायला यंत्रं आहेत आणि "एस" म्हणजे कंपनीने किती शाळांना दप्तरं वाटली, हे मला मान्य नाही.

सईची_आई_मुलुंड | ११:४०

मोरूभाऊ, अंगावर आलं वाचताना. धुळे जिल्ह्यातल्या विखरणचे धर्मा पाटील आठवले. वीजप्रकल्पाला जमीन गेली, मोबदल्यासाठी मंत्रालयात खेटे घातले, आणि जानेवारी २०१८ मध्ये तिथेच टोकाचं पाऊल उचललं. इथून लोकलने तासाच्या अंतरावर.

उमेद | दुपारी १२:३०

मोरूदादा, हे मी नाकारणार नाही. आमच्याकडे येणाऱ्या अहवालात जमिनीच्या रकान्यात बहुधा "कायद्याचं पालन केलं" एवढंच वाक्य असतं. जागतिक बँक किंवा केएफडब्ल्यूसारख्या संस्थांचं कर्ज असेल तर विस्थापितांबद्दल स्वतंत्र अटी असतात, तक्रार करायला जागा असते. बाजारातून रोखे विकून आणलेल्या पैशात त्या अटी खूपच पातळ होतात. म्हणजे सगळा नैतिक पैसा एका मापाचा नाही. ज्याने कर्जाच्या करारात जमिनीबद्दल लिहून घेतलंय तो, आणि ज्याने फक्त मुखपृष्ठ बघितलंय तो.

एक बरं चाललेलं सांगते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात जमीन विकत न घेता भाड्याने घेता येते. हेक्टरी वर्षाला सव्वा लाख, दर वर्षी तीन टक्के वाढ. जमीन नावावर राहते. प्रकल्प छोटे, उपकेंद्राजवळ, आणि शेतकऱ्याला दिवसा वीज. मला विचाराल तर गुंतवणूकदाराने पहिला प्रश्न हाच विचारावा, जमीन घेतली की भाड्याने?

माळावरचा_मोरू | १२:४४

भाडं वेळेवर येतंय का, हा दुसरा.

खडूस_पेन्शनर | १:१०

दोन दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी कामाचं बोललं. पण चाफाताईंच्या आईंचे दोन लाख अजून टेबलावरच आहेत.

सईची_आई_मुलुंड | ३:२०

मी आमच्या सोसायटीची सेक्रेटरी आहे, म्हणून माझं उत्तर ठरलेलं, गच्ची!

लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांचं बिल सोसायटी भरतेच. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटला १८,००० अनुदान आहे. आम्ही वीस किलोवॅटचा विचार केला. किलोवॅटला पंचावन्न हजार धरले तर अकरा लाख, अनुदान जाऊन सात लाख चाळीस हजार. मुंबईत पावसाळा धरूनही किलोवॅटमागे वर्षाला चौदाशे युनिट पकडा, म्हणजे अठ्ठावीस हजार युनिट. युनिटला दहा रुपये वाचले तरी तीन वर्षांच्या आत पैसे वसूल. कुठला हरित रोखा हे देईल? आणि पैसा कुठे गेला ते जिना चढून बघता येतं.

चाफाताई, तुमच्या आईंनी सोसायटीला बिनव्याजी उसने द्यावेत असं सुचवत नाहीये हं (सोसायटीला उसने देऊन परत मिळवणं हा स्वतंत्र धाग्याचा विषय), पण सर्वसाधारण सभेत हा ठराव मांडायला लावा. सिंकिंग फंडाकडे (इमारतीच्या मोठ्या कामांसाठीची राखीव रक्कम) मात्र बघू नका, त्याचे उपयोग उपविधीत ठरलेले आहेत. वेगळी वर्गणी काढा.

ट्रॉम्बे_ट्रान्सफॉर्मर | ३:५५

ताई, बाकी बरोबर. पण दादरला आधी दोन गोष्टी बघायच्या. इमारत पुनर्विकासात जाणार असेल तर हे विसरा, तीन वर्षांनी पॅनेलं काढायला पुन्हा खर्च. आणि दक्षिणेला टॉवर आहे का? हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, दुपारची लांब सावली गच्चीवर पडते. कोपऱ्यात पडली तरी जोडलेल्या पॅनेलांच्या पूर्ण माळेची वीज घसरते. विक्रेता कोटेशन देताना हे सांगत नाही. डिसेंबरात दुपारी वर जाऊन खडूने सावली आखून घ्या.

चाफा_दादर | रात्री ९:१५

काका, आमच्या दक्षिणेला एक टॉवर आहे आणि दुसरा उठतोय. गच्ची बाद.

आईने सगळे प्रतिसाद ऐकले. मुळशीवर ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "भाड्याने जमीन घेतात त्यांना देता येतील का पैसे?" ते किरकोळ माणसाला जमत नाही असं उमेदने मला खासगी निरोपात सांगितलं. सध्या असं ठरतंय की ईएसजी फंड नको, बाबांचं समाधान म्हणून थोडे साध्या ठेवीत, आणि उरलेले रोख्यात. एजंटाला उद्या विचारणार आहे की तुमचा फंड सहापैकी कुठल्या प्रकारचा, आणि गेल्या वर्षी एखाद्या कंपनीला काही जाब विचारलात का. बघू काय म्हणतो.

इंदूर महापालिकेच्या रोख्यांबद्दल कोणीतरी फोनवर सांगितलं. ते काय आहे?

बाँडबाबा | ९:४०

चांगलं आहे ते. फेब्रुवारी २०२३ मध्ये इंदूरने सामान्य लोकांसाठी २४४ कोटींचे हरित रोखे काढले, ८.२५ टक्क्यांनी, आणि मागणी मूळ १२२ कोटींच्या साडेपाच पटीच्या वर गेली. पैसा खरगोन जिल्ह्यात जलूदला ६० मेगावॅटच्या सौर प्रकल्पासाठी. नर्मदेचं पाणी उपसून इंदूरला आणायला महापालिकेचं विजेचं बिल प्रचंड येतं, ते कमी करायला. म्हणजे कोणाला कर्ज दिलं, कशासाठी आणि ते कुठून फेडणार, तिन्ही गोष्टी एका ओळीत सांगता येतात. आईंच्या अपेक्षेच्या सगळ्यात जवळ जाणारा कागद हाच.

आता राष्ट्रीय शेअर बाजारात नोंद आहे, पण विकणारे कमी, त्यामुळे हवा तेव्हा आणि हव्या भावात मिळेलच असं नाही. डीमॅट लागेल. घाई नसेल तर पुढच्या एखाद्या महापालिकेच्या इश्यूची वाट बघा, आणि पैसा सौर प्रकल्पालाच जातोय ना ते पत्रकात तपासा. पिंपरी-चिंचवडनेही २०२५ मध्ये २०० कोटींचे हरित रोखे काढले, पण ते रस्ते आणि पादचारी मार्गांच्या कामासाठी होते, विजेसाठी नव्हते.

खडूस_पेन्शनर | ९:५२

आणि आपली मुंबई महापालिका? भांडुपला पाणी शुद्ध करते, उपसते, तिचंही बिल येतच असेल की. हजारो कोटींच्या ठेवी बँकेत ठेवून बसलेल्यांना रोखे काढायची गरज काय म्हणा.

कट्टेकरी | ९:५८

काका, त्यावर वेगळा धागा काढा. मी खुर्ची तिकडे नेतो.